दहा मिनिटांनी मोठी

माझी बहीण माझ्यापेक्षा दहा मिनिटांनी मोठी आहे. आम्ही जुळ्या, आणि त्याही एकाच बीजाच्या दोन झालेल्या. लहानपणी केळशीत आम्हाला वेगळं ओळखायची एकच खूण होती, तिच्या हनुवटीवरचा पडल्याचा व्रण. घरात आम्हाला नावानं कोणी हाक मारत नसे. ती मोठी आणि मी धाकटी. दहा मिनिटांचं ते मोठेपण घरानं तिच्याकडून पुरेपूर वसूल केलं. पाणी मोठीनं भरायचं, चूल मोठीनं पेटवायची, आणि भांडण झालं की ऐकून मोठीनं घ्यायचं. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

आम्ही दहावीला होतो त्या वर्षी आई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि कंबरेतून अधू झाली. निकाल लागला तेव्हा आम्ही दोघी चांगल्या पास झालो होतो. विज्ञानात तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते. मामा रत्नागिरीत मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं निरोप धाडला की कॉलेजसाठी एका मुलीला मी ठेवून घेईन, दोघींना जागा नाही. संध्याकाळी जेवताना वडिलांनी विषय काढला. ते कोणाचंच नाव घेईनात. बहीण ताटात बघत होती. मला माहीत होतं की ती आपणहून बोलणार नाही, कारण मागून घ्यायची तिला सवयच नव्हती.

मी म्हटलं, "मोठीच्या हातचं आईला चालतं."

एवढंच बोलले. वडिलांनी मान हलवली आणि विषय तिथंच मिटला. पंधरा दिवसांनी मी एस्टीत बसले. ती गाडीपर्यंत माझी ट्रंक घेऊन आली होती.

पुढचं सरळ आहे. मी शिकले, जीवशास्त्राची शिक्षिका झाले, रत्नागिरीतच नोकरीला लागले. लग्न केलं नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. ती केळशीतच दिली गेली. नवरा जहाजावर, वर्षाचे आठ-नऊ महिने बाहेर. सासरची वाडी आणि डोंगरउतारावरची हापूसची कलमं तिच्या अंगावर पडली. मोहोर आला की फवारणीचं औषध पिंपात तीच कालवायची, कधी काठीनं, तर कधी काठी सापडली नाही म्हणून हातानं. उन्हात उभं राहून माणसांवर देखरेख करायची. घरात गॅस आला तरी सासूच्या हट्टापायी भात चुलीवरच शिजायचा आणि पाणी चुलीवरच तापायचं. आणि मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. ही सवय आम्हा दोघींना एकाच आत्येनं लावली होती. मी कॉलेजात मैत्रिणी हसतील म्हणून सोडली. तिला हसणारं तिथं कोणी नव्हतं.

रत्नागिरीच्या बाजारात एका दुकानात मिळणारी तंबाखू तिला आवडायची. दर खेपेला मी जाताना तिच्यासाठी एक पुडा न्यायचे. त्यात काय असतं आणि ते पेशीत शिरून काय करतं, हे मला पाठ होतं. दर वर्षी मी ते शंभर मुलांना शिकवत होते. तरीही नेत होते, कारण पुडा हातात पडला की तिचा चेहरा खुलायचा आणि मला बरं वाटायचं. तिच्यासाठी मी दुसरं काही करतच नव्हते.

आता त्या फोटोबद्दल सांगते. आम्ही पंचेचाळिशीत असताना मी एकदा सुट्टीत केळशीला गेले होते. ती फवारणीवरून नुकतीच परत आली होती, डोक्याला फडकं, तोंड उन्हानं रापलेलं. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि कोणीतरी माझ्या मोबाइलवर आमचा फोटो काढला. रत्नागिरीला परतल्यावर तो पाहिला आणि दचकले. तिच्या गालांवर, डोळ्यांखाली सुरकुत्यांचं जाळं होतं, दात काळे पडले होते, केस जवळजवळ पांढरे. शेजारी मी, तिचीच हनुवटी, तिचंच नाक, आणि चेहरा पंधरा-वीस वर्षांनी लहान.

वाईट वाटलं हे खरं. पण त्याबरोबर दुसराही विचार मनात आला आणि तो मला आजही खुपतो. वाटलं, हे वर्गात काय छान दाखवता येईल.

बारावीला मी आनुवंशिकता शिकवते. त्यात डीएनएवर रोज होणाऱ्या आघातांचा भाग मुलांना नेहमी कोरडा वाटायचा. त्या वर्षी मी पडद्यावर फोटो लावला आणि विचारलं, या दोघींचं नातं काय? मुलं म्हणाली, आई आणि मुलगी. मी थोडी थांबले आणि म्हटलं, जुळ्या बहिणी, एकाच बीजाच्या. मुलं पुढे सरसावून बघू लागली. मग मी सांगू लागले. दोघींना जन्मतः मिळालेली डीएनएची अक्षरं सारखीच होती. पण ती अक्षरं रोज खराब होतात. ऊन त्यातली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतं, धूर आणि तंबाखूतली रसायनं त्यांच्यावर जाऊन बसतात. आपण नुसता श्वास घेतला तरी थोडं नुकसान होतंच. पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिनं असतात, ती बहुतेक सगळं जागच्या जागी नीट करतात. उरतं ते साठत जातं. मग काही पेशी मरतात, काहींचं विभाजन थांबतं आणि त्या तशाच बसून शेजारच्यांना त्रास देतात, काही चुकीच्या वाटेनं वाढत सुटतात. म्हातारपणामागे इतरही कारणं आहेत, पण हे त्यातलं एक मोठं कारण.

मुलं भान हरपून ऐकायची. तो माझा सगळ्यात गाजलेला तास झाला. फोटोतली एक मी आहे हे तर त्यांना दिसतच होतं. दुसरीबद्दल मी फक्त "गावाकडची बहीण" एवढंच म्हणायचे. माझे केस कलपानं काळे आहेत, हे मात्र मी कधीच सांगितलं नाही.

दोन-तीन वर्षांनी तिची धाकटी मुलगी दहावी झाली. मी स्वतः फोन करून तिला माझ्याकडे पाठवायला सांगितलं. बहिणीनं एका शब्दानं आढेवेढे घेतले नाहीत. पोरगी आली, माझ्याच कॉलेजात, पण दुसऱ्या तुकडीत. घरात ती मला "मावशी, तू" म्हणायची आणि कॉलेजात "मॅडम, तुम्ही". या दोन्हींत ती कधी गोंधळली नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघी मिळून पोळ्या करायचो. मला वाटायचं, जे तेव्हा झालं त्याची आता थोडी तरी भरपाई होतेय.

ती बारावीत असताना एके दिवशी दुसऱ्या तुकडीचे शिक्षक रजेवर होते म्हणून दोन्ही वर्ग एकत्र बसवले. तास तोच होता. मी फोटो लावला, नेहमीचा प्रश्न विचारला, "आई आणि मुलगी" असं उत्तर आलं, हशा पिकला. तेवढ्यात शेवटच्या बाकावर माझी नजर गेली. ती बसली होती. पडद्याकडे बघत होती.

त्या क्षणी थांबता आलं असतं. फोटो काढून टाकता आला असता, तास आवरता घेता आला असता. मी थांबले नाही. शंभर मुलं माझ्याकडे बघत होती आणि पुढची वाक्यं जिभेवर तयार होती. मी तंबाखूचं बोलले. धुराचं बोलले. काळ्या दातांवर काठीही टेकवली. सगळं नेहमीसारखं, कदाचित नेहमीपेक्षा जास्तच रंगवून.

घरी दोन दिवस तिनं मुकाट्यानं पोळ्या लाटल्या. तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "तुम्ही आईला विचारलं होतंत का?"

तिनं "तुम्ही" म्हटलेलं मला आधी ऐकू आलं आणि प्रश्न मागाहून. मी नाही म्हटलं. तिनं भांडं पालथं घातलं.

"तंबाखूचा पुडा तर तुम्हीच नेता," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी केळशीला निघाले. दापोलीला गाडी बदलायची असते, तिथं स्टँडवर तासभर बसले. हातातल्या पिशवीत सवयीनं घेतलेला पुडा होता, खरंच सवयीनं. तो तिथल्या कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि मग वाटलं की हेही एक नाटकच.

बहीण मागल्या दारी सुपाऱ्या सोलत होती. मुलीनं तिला काहीच कळवलं नव्हतं. मी बसले आणि सगळं सांगितलं. मोबाइलवर फोटो दाखवला. तिनं तो जवळ धरला, लांब धरला, पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाली की दाखवायचाच होता तर निदान चांगला तरी दाखवायचा, डोक्याला फडकं बांधलेला कशाला. मला वाटलं ती हसण्यावारी नेते आहे. पण तिचे हात सुपारीवर थांबले होते.

"काय शिकवतेस ते मला पण शिकव," ती म्हणाली.

मग मी तिला तो धडा सांगितला, मुलांना सांगते तोच, फक्त आवाज खाली. तिनं मध्ये मध्ये प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्न नेमका होता. तिचे ते चार मार्क मला आठवले. तिनं विचारलं की दुरुस्ती करणारी ती प्रथिनं तिच्यात कमी होती की काय. मी म्हटलं, नाही, दोघींत सारखीच, तुझ्यातल्यांना काम जास्त पडलं. ती म्हणाली, म्हणजे पावसाआधी कौलं चाळून फुटकी बदलतो तसं, माकडं जास्त नाचली की चाळणाऱ्याला पुरं पडत नाय. मी हो म्हटलं.

"मग मी मोडलेली काय गो?" तिनं विचारलं.

 मघाशी तिच्या घराकडे चढताना मी दोनदा थांबून दम खाल्ला होता. रक्तदाबाची गोळी मी चाळिशीपासून घेते, ती कसलीही गोळी घेत नाही. भरलेली कळशी ती अजून कमरेवर घेते. चेहऱ्याचं वय आणि आतलं वय एकच असतं असं नाही, हे मला माहीत होतं, आणि नेमकं तेवढंच मी वर्गात गाळत आले होते. कारण ते सांगितलं की फोटोची जादू कमी व्हायची. हेही मी तिला सांगितलं.

मग ज्या गोष्टीसाठी मी खरं तर आले होते ती राहिली होती. मी तिला त्या संध्याकाळच्या जेवणाबद्दल विचारलं. मी काय म्हटलं होतं ते आठवतं का?

"आठवतं ना. आईला माझ्या हातचं चालतं म्हणालीस." तिनं पुन्हा सुपारी हातात घेतली. "खरंच बोललीस. खोटं बोलली असतीस तर मी भांडले असते."

 माफ केलं असंही म्हणाली नाही आणि केलं नाही असंही नाही. मला मात्र तेव्हा कळलं की खरं बोलून मी तिचं तोंड बंद केलं होतं.

उठण्याआधी मी तिला तोंड उघडायला सांगितलं. मागच्या वर्षी ती हसताना डाव्या गालाच्या आत काहीतरी पांढरं दिसल्यासारखं झालं होतं, आणि ताकाचा थेंब असेल असं मी मनाला पटवलं होतं. आता उजेडात पाहिलं. रुपयाएवढा पांढरा चट्टा, कडेनं खरखरीत.  माझा चेहरा वाचायला तिला आरसा लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन रत्नागिरीला आले. दवाखान्यात कागद भरून घेणाऱ्या मुलीनं मला विचारलं, पेशंट तुमच्या आई का? मी काही बोलायच्या आत माझी बहीण पुढे वाकून म्हणाली, "मोठी बहीण. दहा मिनिटांनी." ती मुलगी हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

डॉक्टरांनी चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला काढला. अहवाल यायला आठवडा लागणार होता. तो आठवडा ती माझ्याकडे राहिली. माझ्या घरात आम्ही तिघी. तिची मुलगी कॉलेजातून येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. सकाळी उठल्यावर बहिणीचं बोट आपोआप दाताकडे जायचं आणि अर्ध्या वाटेत थांबायचं. तिला डोकेदुखी सुरू झाली, चिडचिड झाली, एकदा तर तिनं मला सरळ सांगितलं की दुकान कुठं आहे ते दाखव, मी माझी जाऊन आणते. मी दाखवलं नाही. इतकी वर्षं मीच आणून दिली आणि आता मीच नाही म्हणतेय, हे तिला दिसत होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

अहवाल आला. कर्करोग नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, आणखी काही वर्षं तसंच चाललं असतं तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चट्टा काढून टाकला. मशेरी कायमची बंद, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावून विचारलं की हे आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. मी म्हटलं, गावाकडं असते. हे उत्तर देताना मला लाज वाटली, आणि तरी मी ते दिलं.

याला आता सहा वर्षं झाली. तिनं मशेरी सोडली, मध्ये एकदा सासूच्या दिवसकार्यात बायकांच्यात बसून पुन्हा लावली होती, तेही तिनंच फोन करून सांगितलं. चट्टा परत आलेला नाही. सुरकुत्या आहेत तिथंच आहेत. मुलगी पुण्याला नोकरीला आहे. माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करते, तब्येत विचारते, आणि अजून मला "तुम्ही" म्हणते. मी तिला कधी बदलायला सांगितलेलं नाही.

तो फोटो मी पुन्हा लावला नाही. तो भाग आता आकृती काढून शिकवते. मुलं जांभया देतात. एकदा जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकानं भेटल्यावर विचारलं, मॅडम, त्या दोन बहिणींचा तास अजून घेता का, आम्हाला अजून आठवतो. त्याला आनंद झाला होता. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही.

या वर्षी जानेवारीत मी रजा काढून फवारणीच्या दिवसांत केळशीला गेले. तिला म्हटलं, या वेळी पिंपापाशी मी उभी राहते. तिनं मला हातमोजे दिले, तोंडाला बांधायला फडकं दिलं. ते हातमोजे मीच त्या दवाखान्यानंतर कधीतरी नेले होते आणि तिनं ते जपून ठेवले होते, न वापरता. मी औषध मोजलं, ओतलं, काठीनं ढवळलं. अर्ध्या तासात माझं डोकं गरगरायला लागलं आणि थोडं औषध जमिनीवर सांडलं. तिनं काठी माझ्या हातातून काढून घेतली आणि मला कलमाखाली सावलीत बसवलं.

"तू असली कामं करू नको," ती म्हणाली. "तुला सवय नाय."

मी तिला हातमोजे घालायला लावले. तिनं कुरकुरत घातले. मग दुपारभर मी सावलीत बसून होते आणि ती उन्हात उभी होती. मधूनच मी उठून तिच्याजवळ छत्री धरून उभी राहायचे. गडी हसायचे, आणि ती वैतागून मला परत पाठवायची.